पुढचा शब्द

नथ्थू गुरनुल्याला पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतला प्रेक्षक ओळखत नाही. ओळखणार कसा? तो कधी दिसलाच नाही. तीस वर्षं हा माणूस वडशाच्या नाटक कंपन्यांत प्रॉम्प्टर होता. दिवाळीनंतर मंडया म्हणजे गावजत्रा सुरू झाल्या, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट भरायला लागले की गावोगाव नाटकं लागत. त्या नाटकांत बाजूच्या पडद्याआड, मांडीवर वही आणि हातात बॅटरी घेऊन नथ्थू बसलेला असे. आज एका गावात एक नाटक, उद्या दुसऱ्या गावात दुसरं. नटांना पाठ करायला सवड कुठली? ते रंग लावून उभे राहत, हातवारे करत, टाळ्या घेत. वाक्यं मात्र नथ्थूची असत.

आणि काम सोपं नव्हतं, बरं का. आवाज नटाच्या कानापर्यंत पोचला पाहिजे आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाता कामा नये. नट अडणार, हे नटाच्या आधी कळलं पाहिजे. नथ्थूला ते ओठांवरून कळायचं. खालचा ओठ जरा सैल पडला की हा समजायचा, गाडी थांबली. मग पूर्ण वाक्य द्यायचं नाही, पहिले दोन शब्द द्यायचे, की बाकीचं नट ओढून नेतो. त्याच्यासारखा प्रॉम्प्टर दुसरा नाही, असं सगळे मालक म्हणायचे, आणि नथ्थूलाही ते मान्य होतं.

एका हिवाळ्यात त्याला टायफॉइड झाला. मालकाने दुसऱ्या कोणाला तरी वही देऊन बसवलं. त्या रात्री दुसऱ्याच अंकात कंपनीचा नायक विनोद रंगमंचाच्या मधोमध उभा राहिला तो उभाच. नायिकेने चार वेळा ‘स्वामी, बोला’ म्हटलं. स्वामींच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी गाणं आणि नाच मधेच घुसवून वेळ मारून न्यावी लागली. पुढे विनोदने नथ्थूच्या खाटेशी बसून कबूल केलं, ‘भाऊ, मले एक बी वाक्य येत नाई. पंधरा वर्षं झाले हेच नाटक करून राह्यलो, पन तुमी नसले का डोकं रिकामं.’

शहाणा माणूस हे ऐकून घाबरला असता. नथ्थू फुगला. हा किस्सा त्याने पुढे दहा वर्षं चहाच्या टपरीवर सांगितला, दर वेळी ‘स्वामी, बोला’ नायिकेच्या आवाजात म्हणून. आपल्याविना पंधरा माणसांची जीभ हलत नाही, यापरतं मोठेपण त्याला ठाऊक नव्हतं.

त्याला एकच मुलगी. पहिल्यांदा ज्या नाटकाला तो वही घेऊन बसला त्यातल्या नायिकेचं नाव त्याने मुलीला दिलं, उर्वशी. गाव चिमूरच्या पुढे, जंगलाला लागून. बायको मीराबाई धानाच्या बांधीत राबायची, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची. नथ्थू स्वतः सातवी पास, पण वाचायचा मात्र सफाईने. पोरीचा अभ्यास आपण घ्यायचा, हे त्याने ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं.

घेतलाही. पावसाळ्यात रोज, हंगामात सवड मिळेल तशी दुपारी. उर्वशी भिंतीला टेकून बसायची, हा समोर पुस्तक उघडून. ‘म्हन.’ ती सुरू करायची. कविता असो, पाढे असोत, राजांची नावं असोत. तिचा खालचा ओठ सैल पडला की नथ्थू पुढचे दोन शब्द टाकायचा आणि ती पुढे जायची. पोरगी कधी अडली नाही. अडूच दिलं नाही त्याने. ऐकणाऱ्याला वाटे, काय पाठांतर आहे! शाळेच्या भाषणाच्या स्पर्धेत ती दोनदा पहिली आली, तेव्हाही खिडकीबाहेर कोण उभं होतं, ते सांगायला नको.

चौथीला रंजीता मॅडम नावाच्या शिक्षिका होत्या. त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी नथ्थूला बोलावून नीट समजावलं, ‘भाऊ, तिला अडू द्या थोडं. पुस्तक बंद करून तिचं तिला आठवू द्या. चुकली तरी चालेल. डोकं खाजवून जे सापडते ते राहते, दुसऱ्यानं हातात दिलेलं राहत नाई.’

नथ्थूने मान हलवली आणि घरी येऊन बायकोपाशी मॅडमची टवाळी केली. ‘लेकरू अडलं, अना मी तोंडाले कुलूप लावून पाहात बसू? असं कसाई बी करनार नाई.’

यात लबाडी नव्हती. राग येतो तो त्यामुळेच. माणूस लबाड असता तर एका शब्दात निकाल लावून मोकळं होता आलं असतं. अडलेल्याला सोडायचं नाही, हा त्याचा धर्म होता आणि त्या धर्मावर त्याचं पोट चाललं होतं. जे पंधरा नटांना पुरलं ते आपल्या एकुलत्या एका पोरीला का पुरू नये?

दहावी निभावली. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, योग्य पर्याय निवडा. तिथे प्रश्नच अर्धा शब्द देऊन मोकळा होतो. एकसष्ट टक्के पडले. नथ्थूने गावभर पेढे वाटले आणि सांगितलं, ‘आमाले एकसष्ट भेटले.’

उर्वशीला नर्स व्हायचं होतं. लहानपणी आजीला घेऊन दवाखान्यात गेली असताना तिने एका नर्सला पाहिलं होतं. ती नर्स चार शब्दांत सगळ्या वॉर्डाला कामाला लावत होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. कला शाखेतून बारावी झाली तरी नर्सिंगला जाता येतं, ही माहिती तिची तिनेच काढली. बारावीत बरे गुण पडले तर चंद्रपूरला, नाही तर तिच्यासाठी एक स्थळ चालून आलेलंच होतं, आणि मीराबाईच्या भावकीला त्याची घाई झाली होती. म्हणजे सगळं त्या एका परीक्षेवर येऊन ठेपलं.

त्या वर्षी नथ्थूने हंगामातली अर्धी नाटकं सोडली. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, सगळी पुस्तकं त्याने नाटकाच्या वहीसारखी हाताळली. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, पेन्सिलीने खुणा केल्या. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. उर्वशी धडेच्या धडे घडाघडा म्हणायची आणि फेब्रुवारी येईतो दोघांचीही खात्री पटली होती की तिला सगळं येतं.

परीक्षेचं केंद्र गावापासून नऊ किलोमीटरवर होतं. भाषेचे पेपर कसेबसे गेले. इतिहासाच्या दिवशी ती घरी आली आणि चप्पल न काढताच ओसरीवर बसली. मीराबाईने पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

‘कसा गेला?’ नथ्थूने विचारलं.

‘तीन पानं कोरे सोडले.’

‘काऊन? तुले तर सगळं येते.’

‘प्रश्न समजला,’ उर्वशी म्हणाली. ‘पहिले दोन-चार शब्द आले. मंग मी थांबली.’

‘थांबली काऊन पन?’

तिने बापाकडे पाहिलं. तिलाही ते तेव्हाच कळत होतं. ‘तुमी पुढचं सांगान म्हनून.’

इथे तरी नथ्थूचे डोळे उघडायला हवे होते. विनोद पंधरा वर्षांनी जे बोलला होता तेच त्याची पोरगी बोलत होती, तेही रंगाशिवाय. पण त्याने त्यातून जो अर्थ काढला तो फक्त प्रॉम्प्टरलाच सुचू शकतो. आपण जवळ नव्हतो, म्हणून पोरगी अडली. भूगोलाला आपण जवळ राहायचं.

भूगोलाच्या पेपरला तो सायकल मारत केंद्रावर गेला. कुंपणाच्या भिंतीवर पोरांचे भाऊ, मामे, मित्र चढलेले, चिठ्ठ्यांचे बोळे खिडक्यांतून आत जात होते. नथ्थूला त्यांची किळस आली. आपण काही कॉपी पुरवायला आलेलो नाही, फक्त पोरीला दिसावं म्हणून आलो, असं तो स्वतःला बजावत होता, आणि त्याला ते खरंच वाटत होतं. मागच्या बाजूला एक कडुनिंब होता. तिथून तिसरी खिडकी दिसत होती आणि खिडकीशी उर्वशी.

अर्ध्या तासाने तिने मान वर केली. तिला बाप दिसला. तिच्या ओठांवर प्रश्न आला, आवाज न करता, घरी यायचा तसाच. स्थलांतराची कारणं. मग खालचा ओठ सैल पडला.

नथ्थूचे ओठ हलले. त्याने ठरवलं नव्हतं, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. तीस वर्षांची सवय ती, विचारायला थांबत नाही. पहिलं कारण दिलं, तिने लिहिलं. दुसरं दिलं, तिने लिहिलं. तिसऱ्याला तर दोघांची लय अशी जमली की उर्वशीच्या चेहऱ्यावर रंग परत आला. चौथं कारण अर्ध्यावर असताना मागून कोणी तरी विचारलं, ‘काका, मंत्र म्हनून राह्यले का?’

भरारी पथक होतं. नथ्थूने दोन्ही हात वर केले. ‘साहेब, माझ्यापाशी चिठ्ठी नाई. झडती घ्या.’

‘कायले घेऊ?’ साहेब म्हणाला. ‘तुमच्या तोंडातच हाये ना सगळी.’

दुसरा माणूस तोवर वर्गात पोचला होता. त्याने उर्वशीच्या हाताखालून उत्तरपत्रिका काढून घेतली. तिने कांगावा केला नाही, रडली नाही. शेजारच्या बाकावरच्या पोरांकडे चिठ्ठ्या होत्या. ती पोरं मान खाली घालून लिहीत राहिली आणि पुढे रीतसर पास झाली. कॉपीची केस झाली ती जिच्याजवळ कागदाचा कपटा नव्हता तिच्यावर. त्या परीक्षेची संपादणूक रद्द. जुलैच्या परीक्षेलाही बसायची बंदी. म्हणजे पुरतं एक वर्ष गेलं, आणि गावात नाव झालं ते वेगळंच. चालून आलेलं स्थळही त्या बोभाट्याने परत फिरलं.

आठ दिवस उर्वशी बापाशी बोलली नाही. नवव्या दिवशी नथ्थू पुस्तक घेऊन तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, ‘म्हन.’ ती उठून आत गेली. मीराबाई सहसा नवऱ्याला उलटून बोलत नसे. त्या दिवशी बोलली. ‘तुमी तिच्या तोंडात इतके घास कोंबले का तिले चावताच येत नाई आता.’ आणि तिने पोरीला कोरपन्याला, आपल्या भावाकडे पाठवून दिलं.

मामाची कपाशी होती. मामी शाळेची पायरी न चढलेली, तोंडाने फटकळ. ‘बसून खायचं नाई इथी,’ ती म्हणाली, आणि दसऱ्याला बोंडं फुटली तशी, ‘येचायले चल.’ अभ्यास घ्यायला कोणी नव्हतं आणि उर्वशीला कापूस वेचताना पुस्तक हातात धरता येत नव्हतं. म्हणून ती सकाळी एक धडा वाचायची, पुस्तक घरीच ठेवायची आणि कपाशीच्या तासाला, म्हणजे रांगेला, लागली की तो धडा स्वतःला सांगायची. पहिल्या दिवशी चार ओळींतच अडली. सवयीने थांबली. कोणी बोललं नाही. तास संपला, दुसरा लागला, तरी शब्द येईना. त्या दिवशी ती वावरातच रडली, असं मामीने पुढे मीराबाईला सांगितलं.

पण संध्याकाळी पुस्तक उघडून तिने तो शब्द पाहिला, तेव्हा तो असा बसला की पुन्हा हलला नाही. मग तेच सुरू झालं. जे आठवेल ते दिवसभर सांगायचं, घरी आल्यावर जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचं, अडलेल्या जागा कोऱ्या ठेवायच्या आणि मगच पुस्तक उघडायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच धडा. चार दिवस सोडून पुन्हा. निम्मं विसरलं असं वाटलं की आणखी एकदा. ते चुकत, अडत सांगणं कानाला गोड लागत नव्हतं. मामी म्हणायची, ‘हे पोट्टी का बडबडते देव जाने.’ पण पौष लागेपर्यंत कॅलेंडरच्या पाठीवरच्या कोऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या.

नथ्थूला यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरगी एकटी अडत असेल, या विचाराने तो झुरत होता. जानेवारीत एक नाटक सोडून तो एस.टी.ने कोरपन्याला गेला, पिशवीत तिला आवडणारे तिळाचे लाडू घेऊन. मामीने वावराचा रस्ता दाखवला. शेवटच्या वेचणीची कपाशी होती. उर्वशी पाठमोरी वाकून वेचत होती आणि बोलत होती. तो वावराच्या कडेला धुऱ्यावर थांबला. तोच धडा. स्थलांतराची कारणं. एक सांगितलं, दुसरं सांगितलं, तिसरंही, आणि मधली मधली उदाहरणं तर तिची स्वतःची होती, पुस्तकात नसलेली. आंध्रात मिरची तोडायला जाणाऱ्या बाया, सिमेंटच्या कारखान्यावर बाहेरून आलेले मजूर. नथ्थू थक्क झाला. मग ती अडली. हात बोंडावर थांबला.

काही क्षण गेले. नथ्थूला ते क्षण सोसवेनात. समोर आपलं लेकरू अडलंय आणि शब्द आपल्या जिभेवर आहे.

‘राजकीय कारनं,’ तो म्हणाला.

उर्वशी वळली. बापाला पाहून आनंद झाला असेल तर तो तिने दाखवला नाही. ‘मी तेच शोधून राह्यली होती, बाबा. सापडतच होतं.’

‘मंग मी सांगतलं तर बिघडलं का?’

‘तुमी सांगतलं का ते तुमचं होते,’ ती म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. ‘तुमी जा आता. परीक्षा होतवरी येऊ नका.’

लाडवांची पिशवी धुऱ्यावर ठेवून तो परत निघाला. मागे ती पहिल्यापासून सांगायला लागली होती, आणि या वेळी राजकीय कारणांपर्यंत यायच्या आतच तो ऐकू येण्याच्या पलीकडे गेला.

त्यानंतर त्याने एक वेडेपणा केला. त्याच आठवड्यातल्या एका नाटकात विनोद अडला आणि नथ्थूने शब्द दिला नाही. वही मांडीवर होती, ओळ डोळ्यांपुढे होती. हाही शोधेल, यालाही सापडेल, म्हणून तो ओठ मिटून बसला. विनोदला काही सापडलं नाही. पंचवीस वर्षं ज्याने शोधलं नाही त्याला ते एका रात्रीत कुठून सापडणार? लोकांनी शिट्ट्या मारल्या, मातीची ढेकळं आली. सकाळी मालकाने वही परत घेतली. विनोद जाताना इतकंच म्हणाला, ‘भाऊ, माझ्यावर कायचा राग काढला?’ नथ्थूला समजावून सांगता आलं नाही. त्याला स्वतःचे शब्द कधी लागलेच नव्हते.

उर्वशी अठ्ठावन्न टक्क्यांनी पास झाली. निकाल तिने आईला कळवला. चंद्रपूरला नर्सिंगला प्रवेश झाला, होस्टेल मिळालं. मीराबाई दोन-तीन महिन्यांनी तिला भेटून येते. नथ्थूला चला म्हटलं तर तो कामं काढतो. येऊ नका, हे त्याला परीक्षेपुरतंच सांगितलं होतं. ‘या’ असं त्यानंतर कोणी म्हटलं नाही.

त्याला बारावीचा भूगोल अथपासून इतिपर्यंत पाठ आहे. इतिहास आणि राज्यशास्त्रही. वर्षभर रोज चार तास त्यानेच तर म्हटलं होतं सगळं. पोरगी निमित्ताला समोर होती. परीक्षेला तो बसला असता तर पहिला आला असता. बांधीत चिखल करताना त्याच्या तोंडून धडे आपोआप बाहेर पडतात, कुठेही न अडता, आणि ऐकायला बैलांखेरीज कोणी नसतं.

रविवारी दुपारी उर्वशीचा फोन येतो. मीराबाईला कमी ऐकू येतं, म्हणून ती फोनचा आवाज मोठा करून ओसरीवर बसते. उर्वशी तिला आठवड्यात शिकलेलं सांगते. ताप कसा मोजायचा, जुलाबाने लेकराच्या अंगातलं पाणी गेलं की ते कसं ओळखायचं. आईला कळत नाही, तरी आईला सांगितलं की डोक्यात पक्कं बसतं, असं तिचं म्हणणं. सांगता सांगता ती मधेच थांबते, शब्द शोधते. पहिल्या काही वेळा नथ्थू दाराशी बसून ऐकायचा. नर्सिंगचे शब्द त्याला येत नाहीत, तरी ती थांबली की त्याचे ओठ आपले आपण हलायला लागायचे. आता फोन वाजला की तो स्वतःच उठतो आणि पार बांधीकडे निघून जातो.

‘बाबा कुठी आहेत?’ उर्वशी विचारते.

‘बाहीर गेले,’ मीराबाई सांगते.

‘बरं,’ उर्वशी म्हणते, आणि सांगायला सुरुवात करते.